टेबल गेलं, पट्टा आला

लोणावळ्यात चिक्कीच्या एका कारखान्यात मला आता एकवीस वर्षं होतील. त्यातली पंधरा वर्षं टेबलाच्या एका बाजूला मी आणि समोरच्या बाजूला खाला, अशी गेली. खाला आमच्यातली सगळ्यांत जुनी बाई. बाजारामागच्या गल्लीत राहायची. तिचं नाव हजेरीच्या वहीत होतं तेवढंच. मालकापासून हमालापर्यंत सगळे तिला खालाच म्हणायचे, म्हणजे मावशी.

मी मळवलीची, म्हणजे सासरची. माहेर लोहगडवाडीला. मुलगी शाळेत जायला लागली आणि नवरा देहूरोडच्या डेपोत कंत्राटावर लागला, तेव्हा दिवसभर घर नुसतं खायला उठायचं. शेजारची एक बाई कारखान्यात होती. ती म्हणाली, चल माझ्याबरोबर, एकच स्टेशन तर आहे. मी गेले.

पहिल्याच दिवशी मला खालाच्या समोर उभं केलं. भट्टीवर गुळाचा पाक रटरटत होता. पाक करणारा माणूस एक थेंब पाण्याच्या वाटीत टाकायचा, बोटांनी मोडून बघायचा. काचेसारखा कट्‌कन तुटला की भाजलेले दाणे कढईत आणि दोन-चार हात मारले की तो सगळा लगदा आमच्या टेबलावर. टेबल स्टीलचं, तुपाचा हात फिरवलेलं. दोघींनी दोन बाजूंनी लाटत यायचं, सगळीकडे सारखी जाडी आली पाहिजे, मग चाकांचा कटर फिरवून तुकडे पाडायचे. सगळा खेळ दोन-तीन मिनिटांचा. लगदा गार झाला की तो कुणाचं ऐकत नाही.

मी घरी रोज पंधरा-वीस चपात्या लाटणारी, मला वाटलं लाटणं काय अवघड. पहिल्यांदा लाटतानाच बोटं पोळली आणि माझी बाजू जाड, खालाची पातळ. तो अख्खा थर परत कढईत टाकावा लागला. मला वाटलं आता बोलणी बसणार. खाला म्हणाली, "लाटण्यावर जोर देऊ नको. लाटणं आपलं आपण जातं. तू नुसती त्याच्याबरोबर जा."

मला काही कळलं नाही. आठवडाभराने एका दुपारी कळलं, हातालाच कळलं. खालाने मान वर न करता सांगितलं, "हां. आता माझ्या बाजूला ढकलत न्हाईस."

त्यानंतर आमची जोडी कुणी मोडली नाही. इतर टेबलांवर बायका बदलायच्या, भांडायच्या, कुणी लग्न होऊन जायची. आम्ही दोघी तिथेच. काम करताना दोघींची नजर खाली, थरावर. एकमेकींकडे बघायचं नसलं की माणूस जास्त बोलतो, हे मला त्या टेबलावर समजलं. नवऱ्याला न सांगितलेल्या गोष्टी मी खालाला सांगितल्या. मुलीनंतर मला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात गर्भ पडला. पंधरा दिवसांनी कामावर आले तेव्हा बाकीच्या बायका भोवती जमून चुकचुकल्या. खाला टेबलावर तुपाचा हात फिरवत राहिली. पण त्या दिवशी तिचं लाटणं माझ्या बाजूपर्यंत येत होतं. संध्याकाळपर्यंत मी निम्मंच काम केलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

रोज्याच्या महिन्यात ती भट्टीच्या झळीत थेंबभर पाणी न पिता उभी राहायची. मग मलाही तिच्यासमोर तांब्या तोंडाला लावणं जड जायचं. तिने ते ओळखलं. म्हणाली, "तू पी गं पानी. तू तहानलेली राह्यलीस म्हनून माझा रोजा काय दुप्पट व्हनार न्हाई."

तिचा नवरा कधीच गेला होता. मुलगा गाडी चालवायचा, आज इथे तर उद्या तिथे. शेवटच्या दोन-तीन वर्षांत तिला दिसायला कमी यायला लागलं. लाटायला तिला डोळे लागत नव्हते, पण टाचणीएवढा जळका दाणा तिच्या नजरेतून सुटायचा. मी गुपचूप हात पुढे करून काढून टाकायचे. एक दिवस ती हळूच म्हणाली, "मोतीबिंदू हाय. डाक्टर म्हनतो पिकू द्या. कुनाला सांगू नको. पोराला कळलं तर घरी बसवील. घरी बसून काय करू, भिंतीसंगं बोलू?"

मी म्हणाले, "माझ्या तोंडून न्हाई जायचं."

मग मशीन आलं. मालकाचा मुलगा शिकून आला होता, चांगला मुलगा. त्याने आम्हा सगळ्यांना अंगणात बसवून नीट समजावलं. मोठी दुकानं आता हाताची चिक्की घेत नाहीत, म्हणाला. प्रत्येक तुकडा एका वजनाचा हवा आणि त्याला माणसाचा हात लागलेला नको. खाला माझ्या कानाशी म्हणाली, "इतकी वर्षं लोकांनी आमचा हातच खाल्ला की." मला हसू आलं आणि मी पदर तोंडाला लावला.

कारखान्यामागे नवी शेड उभी राहिली. पांढऱ्या भिंती, पांढरी फरशी. एका टोकाला पाकाचं बंद भांडं, त्यातली उष्णता आकड्यात दिसायची. दाणे वरून मापात पडायचे. खालून तो लगदा रुंद पट्ट्यावर यायचा, एकामागोमाग तीन रूळ त्याला दाबत न्यायचे, पुढे गार हवेचा बोगदा, मग सुऱ्या, मग धातू शोधणारी चौकट आणि शेवटी पाकिटं बंद करणारं यंत्र. शेडमध्ये जायचं तर केसांना जाळी, हातात मोजे, पायात वेगळे बूट. टिकली नको, बांगड्या नकोत. नवरा जिवंत असताना बांगड्या कशा उतरवायच्या, म्हणून बायका कुरकुरल्या. मीही रडवेली झाले होते. दाराशी एक डबा ठेवला होता. सकाळी त्यात काढून ठेवायच्या, संध्याकाळी घालायच्या. पहिले काही दिवस हात हलवला तरी आवाज येत नाही, यानेच मी दचकायचे.

मशीन बसवायला बाहेरून एक मेकॅनिक आला होता, हिंदी बोलणारा. तीन दिवस त्याने खटपट केली. थर डाव्या बाजूला जाड निघायचा, कडा तुटायच्या. रूळ खाली-वर करून बघितले, काही उपयोग नाही. आम्ही बायका दारातून बघत होतो. चौथ्या दिवशी खाला आत गेली. कुणी बोलावलं नव्हतं. पट्टा चालू असतानाच तिने थरावरून, न टेकवता, हाताची उलटी बाजू फिरवली. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मग म्हणाली, "हितं लवकर गार व्हतंय. रूळ काय करील? त्या दाराचा वारा लागतोय."

मालकाच्या मुलाने ते मेकॅनिकला हिंदीत सांगितलं. दार बंद केलं, पट्ट्याच्या त्या बाजूला पत्रा लावला. पुढचा थर आला तो कडेपासून कडेपर्यंत सारखा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खाला कानामागे जाळी सारखी करत बाहेर आली. मला इतकं बरं वाटलं. मशीनवर एक-दोघीच ठेवणार अशी कुणकुण होती, पण मनात म्हटलं, आता हिला कोण काढतंय.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी सुपरवायझरने मला दाण्याच्या पोत्यांच्या खोलीत बोलावलं. तो तळेगावचा, नवीनच लागलेला, बोलायला सरळ. म्हणाला, "मावशी, तुम्ही दहावी झालाय. स्क्रीनवरचं वाचता येईल. मशीनवर तुम्हाला घेतोय. पट्ट्याच्या शेवटी आणखी एक बाई लागेल, तुटका-जळका तुकडा बाजूला काढायला. मालक खालाचं नाव घेतायत. जमेल त्यांना?"

मी पोत्यावरचा एक दाणा उचलून त्याची साल काढत राहिले. मग म्हणाले, "त्यांना डोळ्यांचा त्रास हाय. मोतीबिंदू झालाय."

तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंत." आणि वहीत काहीतरी लिहून निघून गेला.

मी असं का बोलले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तुकडा चुकून बाहेर गेला तर मशीनवरच्या बाईला जबाबदार धरणार, असं त्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्याला मी घाबरले असेन. तिला आराम मिळेल असं मला वाटलं, असंही मी काही दिवस स्वतःला सांगून पाहिलं. ते खोटं होतं. आता वाटतं ते असं की कारखान्यात तोवर मला कुणी काही विचारलंच नव्हतं. हे कर, ते उचल, एवढंच. कुणीतरी पहिल्यांदा माझं मत विचारलं आणि मी शाळेतल्या मुलीसारखं बरोबर उत्तर देऊन टाकलं. उत्तर बरोबर होतं. ते माझं नव्हतं, तिचं होतं, एवढंच माझ्या ध्यानात राहिलं नाही.

टेबलांवर लाटणाऱ्या बारा जणींपैकी मी एकटी राहिले. बाकीच्यांना मालकाने साडी-चोळी करून निरोप दिला. कुणाशी भांडण झालं नाही. शेवटच्या संध्याकाळी खालाने आमचं टेबल गरम पाण्याने धुतलं, कोरडं केलं. मी शेजारी उभी होते. सांगावं, आत्ताच सांगावं, असं वाटत होतं. ती हात पुसत म्हणाली, "चल, गाडी चुकंल तुझी." मी गेले.

पट्ट्याच्या शेवटी दुसरी बाई कधी आलीच नाही. काही महिन्यांत तिथे कॅमेरा बसवला. जळका तुकडा दिसला की तो हवेची फुंकर मारून बाजूला उडवतो.

आता माझं काम असं. सकाळी स्क्रीन चालू करायची, पाकाचा आकडा बघायचा, रुळांमधलं अंतर बघायचं. दर तासाला लोखंडाचा बारीक कण बसवलेली एक पट्टी धातू शोधणाऱ्या चौकटीतून सोडायची, चौकट ओरडते का बघायचं, ओरडली की वहीत सही करायची. आवाज मोठा, म्हणून कानात बोळे. पाकिटं खोक्यात भरणाऱ्या मुली पलीकडच्या हॉलमध्ये, मध्ये काच. त्या हसताना दिसतात, ऐकू येत नाही.

मशीन वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पूर्वी आमच्यापैकी एकीची तरी बोटं रोज भाजायची, पावसाळ्यात चिक्की चिवट होऊन पाट्याच्या पाट्या वाया जायच्या. आता तसं काही होत नाही. पहिल्या आठवड्यात मी मशीनचा एक तुकडा घरी आणला होता आणि जुन्या डब्यात हाताने लाटलेला एक तुकडाही होता. नवऱ्याला दोन्ही दिले. तो म्हणाला, "दोन्ही सारखंच लागतंय की." मी खाऊन बघितलं. सारखंच लागत होतं. मी त्या रात्री जेवले नाही. त्याला वाटलं पोट बिघडलं असेल.

सहा महिन्यांत माझ्या तळहाताचे घट्टे गेले. हात मऊ झाले. मुलगी चिंचवडला असते, ती सुट्टीला आली की म्हणते, आई, तुझे हात छान झालेत. घरी मी मुळातच कमी बोलणारी आणि नवरा माझ्याहून कमी. कधी कधी लक्षात यायचं की शनिवारपासून मी फक्त "व्हय" आणि "ठेवलंय" एवढंच बोलले आहे. पट्ट्यासमोर उभी असताना मनातल्या मनात वाक्यं जुळवायचे, हे खालाला सांगायला पाहिजे, ते सांगायला पाहिजे. आणि संध्याकाळी बाजारातून स्टेशनला जाताना तिची गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने जायचे.

असं जवळजवळ दोन वर्षं चाललं.

मग एकदा लोणावळा स्टेशनवर आमच्यातलीच एक जुनी बाई भेटली. पाटीत जांभळं घेऊन विकायला बसली होती. तिनं मला शेजारी बसवून घेतलं. सगळ्यांच्या चौकशा झाल्या. मी खालाचं नाव काढत नव्हते, तर तीच म्हणाली, "खाला आता देहूरोडला असती, पोराकडं. डोळ्याचं आपरेशन झालं. तुला न्हाई म्हाईत? मला भेटली की लय वेळा तुझी चौकशी करती. म्हनती, ती काय आजारी-बिजारी हाय का?"

देहूरोडला. माझा नवरा रोज त्याच स्टेशनवर उतरत होता.

पुढच्या सुट्टीला मी निघाले. नवऱ्याला आधीच सांगितलं होतं, खालाच्या घराचा पत्ता विचारून ठेव. त्याने ठेवला होता, का ते विचारलं नाही. मळवलीहून गाडीत बसले तेव्हा सगळं बोलायचं ठरवून ठेवलं होतं. तळेगाव येईपर्यंत त्यातलं निम्मं गळालं. घोरावाडीला गाडी थांबली तेव्हा मी खरोखर उठून दारापर्यंत गेले, उतरून परतीच्या गाडीची वाट बघावी म्हणून. फलाटावर एक म्हातारा गाडीकडे बघत उभा होता. तो म्हणाला, "चढायचंय, सरका." मी सरकले, तो चढला आणि गाडी सुटली.

खालाचं घर पहिल्या मजल्यावर होतं. दार सुनेने उघडलं. खाला पलंगावर बसून लसूण सोलत होती. मी दारात थांबले. ती माझ्याकडे बघत राहिली, जाड चष्म्यातून, नीट, वरपासून खालपर्यंत. पंधरा वर्षांत तिने मला असं समोरून बघितलेलं मला आठवत नव्हतं.

"केस पिकले की गं तुझे," ती म्हणाली. "ये. बस."

सून चहा टाकायला आत गेली. मी म्हणाले, "खाला, मला एक सांगायचंय. तुमच्या डोळ्यांचं मी सांगितलं व्हतं. सुपरवायझरला."

तिने सोलायचं थांबवलं नाही. "म्हाईत हाय मला. त्यानं त्याच दिवशी सांगितलं. म्हनला, खाला, डोळं दाखवून घ्या, तुमच्या जोडीदारनीनं सांगितलंय."

"त्याच दिवशी?"

"व्हय."

"मंग बोलला का न्हाईत मला?"

"काय बोलू? खोटं सांगितलंस व्हय? घरी आले, पोराला कळलं, रागावला, मग आपरेशन केलं. आता सुईत दोरा ओवते." तिने सोललेली पाकळी ताटलीत टाकली. मग म्हणाली, "सांगितलंस त्याचं काय न्हाई. दोन दिस वाईट वाटलं, गेलं. पर तू आली न्हाईस. दोन वर्षं. ते लागलं."

मी तिच्यापुढच्या ताटलीतल्या लसणाच्या पाकळ्या उचलल्या आणि सोलायला लागले. चहा आला. चहा झाल्यावर तिने मशीनचं विचारलं. मी सगळं सांगितलं, कॅमेऱ्याचं, फुंकर मारून तुकडा उडवतो त्याचं. तिला त्याचं फार हसू आलं. "आपन बोटं भाजून घेतली, ते फुंकर मारतंय व्हय," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "आन् तू दिसभर बोलती कुनासंगं?"

"कुनासंगं न्हाई."

तिने मान हलवली. सुनेला हाक मारून म्हणाली, हिला जेवून जाऊ दे.

माफ केलं, असं ती म्हणाली नाही आणि मीही मागितलं नाही. पण त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी मी जात राहिले. कधी नाचणीचं पीठ न्यायचे, कधी माहेरची करवंदं. ती दारातच विचारायची, गाडी वेळेवर व्हती का? तासभर बसायचे, परत यायचे. ती एक-दीड वर्षं चांगली गेली. मग तिच्या मुलाला सोलापूरकडे काम मिळालं आणि सगळं घर तिकडे गेलं. निघायच्या आदल्या दिवशी मला कळवलं होतं, पण त्या दिवशी मशीनची तपासणी होती आणि मला सुट्टी मिळाली नाही. ही चूक माझी नव्हती. तरी आधीच्या दोन वर्षांच्या खात्यात तीही जमा झाली.

आता फोन असतो. तिला ऐकू कमी येतं, सून मध्ये सांगत राहते. खाला विचारते, तिकडं पाऊस किती. मी सांगते, लय हाय. सून तिला मोठ्याने सांगते, लय हाय म्हनत्यात. लाटता लाटता जे बोलता यायचं ते फोनवर बोलता येत नाही, आणि तिसऱ्या माणसाच्या तोंडून तर नाहीच.

यंदा कारखान्यात दुसरं मशीन आलं, पहिल्यापेक्षा मोठं. दोन्ही मशीनच्या स्क्रीन आता एकाच ठिकाणी ठेवल्यात, माळ्यावर काचेची खोली केली आहे तिथे. सुपरवायझर म्हणाला, "मावशी, आता उभं राहायला नको. बसून दोन्हीकडे लक्ष ठेवायचं." गेल्या सोमवारी मी पहिल्यांदा तिथे बसले. खुर्ची चांगली आहे, पाठीला टेकू आहे. खाली दोन पट्टे दिसतात, दोन्ही तपकिरी, दोन्ही सरळ जाणारे. त्यांच्याजवळ माणूस नाही.

दुपारी मी सोलापूरला फोन लावला. सून म्हणाली, "झोपल्यात त्या. उठवू का?"

"नको," मी म्हणाले. "झोपू दे. पुन्यांदा लावते."

मग डबा उघडला आणि जेवायला लागले. भाकरी थोडी कोरडी झाली होती, पण पिठलं चांगलं झालं होतं.